जुनी गाडी : इंजिन साथ देते, पत्रा आणि कागद दगा देतात

वसई-विरारच्या छोट्या धंदेवाल्याला गाडी लागते ती मिरवण्यासाठी नव्हे. तो स्वतः चर्चगेटची लोकल पकडून मुंबई गाठतो. पण कापडाचे गठ्ठे, बेकरीचे ट्रे, गादीचा कापूस, सुताराची हत्यारे आणि ईदच्या दिवशी नातेवाइकांकडे निघालेले घर हे काही लोकलच्या डब्यात मावत नाही. नवी गाडी घ्यावी तर हप्ते आले आणि हप्त्यांबरोबर व्याज आले. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणारे आणि बँकेपुढे ठेवायला उत्पन्नाचे कागद नसलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक मग रोख पैसे मोजून दहा-पंधरा वर्षांची जुनी गाडी घेतात. नालासोपारा, वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत गाळ्यांसमोर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या तरी हे लक्षात येते.

अशी गाडी घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न आता राहिलेला नाही. लोक घेतच आहेत. प्रश्न आहे तो भरवशाचा. साठ-सत्तर हजार किंवा लाखभर रुपये ही कारागिराची दोन-तीन वर्षांची शिल्लक असते. ती अशा वस्तूत घातली की जी ऐन लग्नसराईत गॅरेजला जाऊन बसते, तर नुकसान गाडीचे होत नाही, धंद्याचे होते.

जुन्या गाड्या बाळगणारे आणि त्या दुरुस्त करणारे मिस्त्री यांच्या बोलण्यातून एक गोष्ट वारंवार पुढे येते. घेणारा सारे लक्ष इंजिनाकडे देतो. बोनेट उघडतो, आवाज ऐकतो, धूर पाहतो आणि सौदा करतो. प्रत्यक्षात आपल्या भागात जुनी गाडी इंजिनामुळे फारशी बुडवत नाही. बुडवतो तो सडलेला पत्रा, पाण्यात राहून गेलेली वायरिंग आणि अर्धवट सोडलेले कागद.

कोणत्या गाड्या, कोणत्या काळच्या

एके काळी मध्यमवर्गीयाची गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, नाहीतर हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची अखेरची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. ॲम्बेसेडरचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. या दोन्ही गाड्या आज हौसेच्या झाल्या आहेत, धंद्याच्या राहिलेल्या नाहीत.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि चित्र बदलले. पाठोपाठ १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळाले. ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले. मधल्या काळात १९९८ मध्ये इंडिका व सँट्रो, १९९९ च्या अखेरीस वॅगन-आर, २००० मध्ये मोठ्या कुटुंबांची लाडकी क्वालिस आणि २०१० मध्ये ओम्नीची मोठी बहीण म्हणावी अशी ईको बाजारात आली. जुन्या बाजारात फिरणाऱ्या धंदेवाल्यासमोर आज साधारण हीच नावे येतात. त्यांपैकी धंदा आणि घर दोन्ही एकाच गाडीवर चालवणाऱ्यांची पसंती वर्षानुवर्षे व्हॅनलाच राहिली आहे. म्हणून तिच्या मालकांचा अनुभव थोडा सविस्तर पाहू.

व्हॅनवाल्यांचा अनुभव

व्हॅनचे इंजिन मारुती ८०० च्याच जातीचे, ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. ताकद फार नाही, पण गुंतागुंतही नाही. मागची सीट काढली की सपाट जागा मिळते. सरकता दरवाजा असल्याने चिंचोळ्या गल्लीतही माल उतरवता येतो. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलली की प्लग, ऑइल, बेल्ट सारे हाताशी. त्यामुळे कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री ही गाडी खोलू शकतो आणि सुटे भागही बहुतेक दुकानांत मिळतात. भरवसा म्हणतात तो यालाच. गाडी कधीच बिघडत नाही असे कोणताही जुना मालक सांगत नाही. बिघडली तरी दुपारपर्यंत सुरू होते, एवढेच तो सांगतो.

तक्रारीही ठरलेल्या आहेत. इंजिन सीटखाली असल्याने उन्हाळ्यात बूड भाजते. गर्दीत अडकली की तापते, आणि पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर हेड गॅस्केट जाते. महामार्गावर घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलापाशी वर्षानुवर्षे लागणाऱ्या रांगांत कितीतरी जुन्या गाड्यांची वाफ निघालेली लोकांनी पाहिली आहे. खाडीवर नवा पूल झाला, तरी त्या रस्त्यावर कोंडी होणारच नाही असे धरून निघणारा फसतो. तापमानाचा काटा वर जाऊ लागताच गाडी बाजूला घेऊन थांबणारा थोडक्यात सुटतो. ‘आता घर आलेच’ म्हणत रेटणाऱ्याचे हेड वाकते आणि काही हजारांचा खड्डा पडतो.

दुसरी तक्रार मागच्या भागाची. व्हॅनमध्ये गती मागच्या चाकांना मिळते, त्यासाठी पोटाखालून लांब शाफ्ट जातो. मालाचा बोजा नेहमी जास्त असला तर त्याचे जॉइंट क्रॉस वाजू लागतात, मागचे पाटे बसतात. ही दुरुस्ती महाग नाही, पण टाळत गेले की एक भाग दुसऱ्याला खातो. चार पोती कमी भरून दोन फेऱ्या करणाऱ्याची गाडी दहा वर्षे जास्त चालते, हे मिस्त्री उगाच सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे मालक लोकलने कामाला जातो आणि गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी राहते. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. बॅटरी उतरते, ब्रेक चिकटतात, टायर एका जागी दबतात, उंदीर वायर कुरतडतात. ‘फक्त रविवारी वापरलेली’ असे सांगून विकली जाणारी गाडी म्हणूनच आपोआप चांगली ठरत नाही. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरवावी. जागेवर सुरू करून बंद करण्याने बॅटरी भरत नाही.

मारुती ८००, वॅगन-आर, सँट्रो यांचे मालकही इंजिनाबद्दल फारसे रडत नाहीत. इंडिका आणि क्वालिससारख्या डिझेल गाड्या जास्त माणसे वाहतात. मात्र त्यांचा पंप, नोझल किंवा क्लच निघाला की बिल पेट्रोल गाडीपेक्षा मोठे येते. महिन्याकाठी फार किलोमीटर धावणे नसेल तर जुने डिझेल घेण्यात छोट्या धंदेवाल्याचा फायदा नाही.

खारा वारा आणि पावसाचे पाणी

आता मूळ मुद्दा. वसई तालुक्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मध्ये मिठागरे. या हवेत मीठ आहे. पुण्याची किंवा नाशिकची वीस वर्षांची गाडी आणि अर्नाळ्याच्या बाजूला उभी राहिलेली वीस वर्षांची गाडी यांच्या इंजिनात कदाचित फरक नसेल, पत्र्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गंज बाहेरून दिसतो तो शेवटी. आधी तो चालकाच्या पायाखाली, सरकत्या दरवाजाच्या रुळात, चाकांच्या कमानीत, बॅटरीच्या पाटीखाली आणि पाटे जिथे चेसिसला बसतात तिथे सुरू होतो. विक्रीपूर्वी वरून लांबी भरून रंग मारला की गाडी नव्यासारखी चमकते. पण लांबी म्हणजे पत्रा नव्हे. साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून कडांवरून फिरवावे. जिथे ते पकडत नाही तिथे खाली पत्रा नाही, मसाला आहे. वरच्या दारावरचा गंज कापून जोडता येतो. तळाचा आणि जोडणीच्या जागांचा गंज मात्र गाडीचा सांगाडाच पोकळ करतो, आणि असली गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

पाण्याचे तसेच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई परिसरातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरारचे रस्ते पाण्यात होते. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या. सखल भागातील इमारतींखाली उभ्या वाहनांचे काय झाले असेल हे सांगायला नको. अशी गाडी धुऊन, वाळवून, नवे कार्पेट टाकून पुन्हा बाजारात येते. ती आठवडाभर व्यवस्थित चालते. मग कधी दिवे जातात, कधी फ्यूज उडतो, कधी चालता चालता बंद पडते आणि कोणालाच कारण सापडत नाही. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला पाण्याचा फटका त्यामानाने कमी. २००० च्या सुमारास आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणकी पेटी आणि सेन्सर असतात, त्यांना पाणी लागले की रोग कायमचा.

अशी गाडी ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बारीक गाळ आहे का ते पाहावे. सीटचे रूळ, फ्यूजच्या पेटीतले हिरवट पडलेले टोक, हेडलाइटच्या काचेआड धुके आणि दारे बंद केल्यावर येणारा कुबट वास, यांपैकी दोन गोष्टी जरी आढळल्या तरी सौदा सोडावा. गाडी स्वतःचीच असेल आणि पाण्यात बुडाली असेल तर एकच नियम: चावी फिरवू नये. आत पाणी असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढावी, गाडी ओढून मिस्त्रीकडे न्यावी आणि ऑइल बदलल्याशिवाय सुरू करू नये.

येथे विम्याचीही एक बाब सांगणे भाग आहे. जुन्या गाडीवर बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. कायद्याने तेवढा पुरे. पण पुरात, आगीत किंवा चोरीत गेलेल्या स्वतःच्या गाडीचा एक पैसाही त्यात मिळत नाही. सखल भागात राहणाऱ्याने दोन्ही विम्यांच्या हप्त्यांतील फरक विचारून मगच निर्णय घ्यावा.

घेताना मिस्त्री बरोबर न्यावा

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी आणि विकणाऱ्याला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. थंड इंजिन दोन-तीन फेऱ्यांत लागले पाहिजे. सायलेन्सरमधून निळा धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल खाते. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर राहिला तर पाणी आत जाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, आणि हा तिसरा दोष सर्वांत स्वस्तात दुरुस्त होतो. ऑइलचे झाकण उघडून खाली मलईसारखा थर दिसला तर सावध राहावे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आवाज वाढतो पण गाडी ओढत नसेल तर क्लच प्लेट संपली आहे. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून नक्षी शिल्लक असली तरी टायरचे खरे वय कळते.

सीएनजी बसवलेली गाडी असेल तर टाकीची तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाली आहे का, तिचा दाखला आहे का आणि आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, हे तिन्ही पाहावे. नोंद नसलेला गॅस म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती दिलेले कारण.

मिस्त्रीला दोन-तीनशे रुपये देऊन बरोबर नेणे हा खर्च नव्हे. मात्र तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा आणि सौदा झाला तर दलाली घेणारा नसावा.

कागद : सर्वांत मोठा दगा

गाडी हातात आली, पैसे दिले, फॉर्मवर सह्या झाल्या, म्हणजे व्यवहार संपला असे दोघेही समजतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी आणखी दोन-तीन हात फिरते. नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहते. यात कोण सापडते ते सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालावरून समजावे. एका मोटारीच्या मालकाने ती २००७ मध्ये विकली होती. नंतर ती आणखी काही जणांच्या हाती गेली. २००९ मध्ये तिने अपघात केला, त्यात जीव गेला. गाडी कोणाच्या ताब्यात होती याची चर्चा खालच्या न्यायालयांत झाली; पण सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच भरपाईसाठी मालक. दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस असा जबाबदार ठरला.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, परराज्यातील असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्या घेताना किमतीत इथला कर, नव्याने नोंदणीचा खर्च आणि फेऱ्या धराव्यात. मग स्वस्ताई किती उरते ते कळते.

चेसिसचा आकडा आरसीवरील आकड्याशी स्वतः ताडून पाहावा. थकलेले चलान, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा ही माहिती आता परिवहन खात्याच्या मोबाइल ॲपवरही मिळते. घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून ती काढून घ्यावी. विकणाऱ्याने गाडी देताना तारीख आणि वेळ लिहून, दोघांच्या सह्यांनी पोच ठेवावी. विमा घेणाऱ्याच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्यावा. नाहीतर गाडीचे स्वतःचे नुकसान झाल्यास दावा अडकतो. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेण्याचे नियम लागू झाले आहेत. विकत घेताना ते अधिकारपत्र दाखवा म्हणण्यात संकोच कसला?

आणखी एक इशारा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाडे घेऊन माल किंवा शाळेची मुले नेण्यासाठी वापरणे परवान्याच्या नियमात बसत नाही. दंड परवडला, पण अपघात झाल्यावर विम्याने हात वर केले तर दुकान विकूनही भागत नाही.

पंधरा वर्षांनंतर

वसईच्या जुन्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच-०४ हा क्रमांक दिसतो, नंतरच्यांवर एमएच-४८. एमएच-०४ वाल्या बऱ्याच गाड्यांची पंधरा वर्षे भरली आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. यालाच आपण पासिंग म्हणतो. याची फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये करण्यात आली. यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा आणि उशीर केला तर महिन्यागणिक जादा आकार वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती यामुळेच. पासिंगचा आणि पासिंगसाठी करावयाच्या पत्र्याच्या कामाचा खर्च विकणारा आपल्या गळ्यात टाकत असतो. तो किमतीतून वजा करून मागावा.

पेट्रोलचाही विचार हवा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या मुख्यतः यासाठी बनवलेल्या नव्हत्या. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. हे काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होते, असेही म्हटले. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते साठवून ठेवू नये, पेट्रोलचे रबरी पाइप दरवर्षी पाहावेत आणि चिरलेला दिसला की लगेच बदलावा. व्हॅनमध्ये पाइप सीटखालच्या गरम इंजिनाजवळून जातात, हे विसरू नये.

वहीतला हिशेब

गाडी परवडते की नाही हे मन सांगत नाही, वही सांगते. दुकानाच्या खात्यात गाडीचे वेगळे पान करावे. उदाहरणादाखल समजा, गाडी ८०,००० रुपयांना घेतली. त्याच दिवशी किमतीचा चौथा भाग, म्हणजे २०,००० रुपये बाजूला काढावेत. कारण पहिल्या तीन महिन्यांत बॅटरी, टायर, क्लच, ब्रेक यांतले काही ना काही निघतेच. ही रक्कम बाजूला निघत नसेल तर गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे, मग ती कितीही स्वस्त असो.

पुढे वर्षाकाठी दुरुस्ती, विमा, पीयूसी मिळून समजा २४,००० रुपये गेले, तर महिना २,००० पडले. महिन्यात भाड्याच्या टेम्पोच्या चार फेऱ्या वाचत असतील आणि एका फेरीला ७०० रुपये पडत असतील तर २,८०० वाचले. त्यातून पेट्रोल वजा करता हाती फारसे राहत नाही, पण घरच्यांची सोय वर मिळते. फेऱ्या दोनच असतील तर टेम्पो आणि रिक्षा स्वस्त. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या आकड्यांनी मांडावा. शेजाऱ्याची गाडी परवडते म्हणून आपली परवडेल असे नाही.

जुन्या गाडीचा एक फायदा मात्र खरा आहे. नवी गाडी दुकानातून बाहेर पडताच किंमत गमावते. जुनी गाडी नीट राखली तर दोन-तीन वर्षांनी बऱ्यापैकी किमतीला जाते. नीट राखणे म्हणजे ठरलेल्या वेळी ऑइल आणि फिल्टर, रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी कूलंट, पावसाळ्यापूर्वी तळाला अंडरकोटिंग, पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने खालून धुणे आणि दर दुरुस्तीची पावती जपून ठेवणे. पावत्यांची फाइल असलेली गाडी घेणारा दोन पैसे जास्त देतो.

सुरक्षितता आणि सोडण्याची वेळ

एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. व्हॅनच्या पुढे बोनेट नाही. समोरून धडक बसली तर आधी पत्रा आणि लगेच चालकाचे पाय. एअरबॅग नाही. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा ही गाडी बंदच करावी लागली, यावरून काय ते समजावे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते महागड्या गाडीत मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. जिथे तशा गाडीचा निभाव लागला नाही तिथे आपल्या व्हॅनचा काय लागणार? जुनी व्हॅन गावातल्या गावात, बेताच्या वेगाने वापरावी. मागे बेल्ट नसतील तर बसवून घ्यावेत. बायका-मुलांना घेऊन महामार्गावर ट्रकांच्या मध्ये पळवण्याची ही गाडी नव्हे.

चेसिस सडली, एका वर्षाची दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली किंवा पासिंगच्या खर्चाला किंमत पुरत नाही असे झाले, की गाडी सोडण्याची वेळ आली. तेव्हा ती नुसती भंगारात देऊ नये. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर दाखला मिळतो आणि नव्या वाहनाच्या करात सवलत मिळू शकते. कोठेही दिली तरी नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्यावा. नाहीतर आपला चेसिस क्रमांक लावून दुसरीच गाडी फिरेल आणि पोलीस आपल्या दारी येतील.

शेवटी विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्यातही गाड्यांचे दलाल आहेत, गॅरेजवाले आहेत, डेंटर-पेंटर आहेत. धान्याच्या ढिगाच्या वर कोरडे आणि खाली भिजलेले धान्य ठेवण्याचा व्यवहार कोणी नापसंत केला होता, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पुरात बुडालेली गाडी रंगवून विकणे हा तोच व्यवहार. ऐब सांगून गाडी विकली तर पाच-दहा हजार कमी येतील, पण तोच गिऱ्हाईक पुढची गाडी आपल्याकडेच शोधायला येईल. आणि घेणाऱ्याने लक्षात ठेवावे: आधी तळ पाहावा, मग कागद पाहावे, आणि इंजिनाचा आवाज सर्वांत शेवटी ऐकावा.